लंडनसेठचा तिसरा रूळ

मला पाहायला तुमसरहून पाचसहा माणसे साकोलीला आली होती. पोहे झाले, चहा झाला, मुलाने माझ्याकडे आणि मी मुलाच्या चपलांकडे पाहून घेतले. आता स्वयंपाक येतो का, शिवण येते का, हे सुरू होणार म्हणून आईने मला डोळ्यांनी सावध केले. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी कोटाच्या आतल्या खिशातून एक पिवळा पडलेला छापील कागद काढला, गुडघ्यावर ठेवून सपाट केला आणि माझ्यापुढे धरला. "वाच बाई. इंग्रजी आहे. घाई नको करू."

मी वाचला. आगगाडीच्या दोन रुळांशेजारी जमिनीपासून जरा उंचावर बसवलेला एक तिसरा रूळ, त्यात खेळणारी वीज, आणि ती वीज जमिनीत पळून जाऊ नये म्हणून रुळाखाली काय ठेवावे, असा काहीसा मजकूर होता. माझे बी.ए.चे इंग्रजी फुलांचे आणि विरहाचे होते, त्यात वीज कुठेच नव्हती. एका शब्दाशी अडखळले. त्यांनी अर्थ विचारला तेव्हा मी अंदाजाने म्हणाले, विजेला थोपवणारी वस्तू असेल. त्यांनी बायकोकडे मान वळवली आणि जाहीर केले, "झालं. हीच पोरगी." मुलाला कोणी विचारलेच नाही, तो दुसऱ्यांदा पोहे घेत होता. लग्न पुढे त्याच्याशीच लागले, पण निवड तिसऱ्या रुळासाठी झाली होती, हे मी त्याला अजूनही अधूनमधून ऐकवते.

आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मामाजींची तुमसरला धानाची राईस मिल होती आणि गावाबाहेर थोड्या बांध्या, म्हणजे धानाची शेते. माणूस उंच, मिशा भरघोस, आवाज मिलच्या खडखडाटावर मात करून करून कायमचा चढलेला. गावात त्यांना लंडनसेठ म्हणत. लंडन सोडा, नागपूरच्या पलीकडे त्यांनी पाऊल टाकलेले नव्हते. पण विषय कुठलाही काढा, धानावरच्या तुडतुड्याचा काढा नाहीतर सरपंचाच्या मुलीच्या लग्नाचा, पान लावून होईपर्यंत मामाजी लंडनच्या बोगद्यात पोहोचलेले असत. गिऱ्हाईकाचे धान तोवर कांडून तयार होई, म्हणून कोणी तक्रार करत नसे.

हे वेड बुटांबरोबर आले होते. नाकाडोंगरीकडच्या एका खाणीवरच्या गोऱ्या साहेबाचा बंगला कधीतरी रिकामा झाला आणि सामान विकायला काढले गेले. मामाजींनी साहेबाचे गुडघ्यापर्यंतचे बूट घेतले. बुटांत बोळा म्हणून एक पुठ्ठा नसलेले इंग्रजी पुस्तक कोंबलेले निघाले, जगातल्या विजेच्या आगगाड्यांविषयीचे. बूट दोन आकडे मोठे होते, त्यामुळे ते पायात राहिले नाहीत. पुस्तक डोक्यात राहिले. अडचण एवढीच की मामाजींचे इंग्रजी मोटारीवरच्या पाट्यांपुरते, आणि त्यांच्या चिरंजीवांना मॅट्रिकच्या दारात अडवून धरले ते इंग्रजीनेच. म्हणून वाचणारी सून हवी होती.

लग्नाची हळद उतरली नाही तोवर मी कामाला लागले. दुपारची जेवणे झाली की मामाजी ओसरीवरच्या बाकावर आडवे होत, मी पायरीवर बसून वाचे, समजेल तसे मराठीत सांगे. ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच हात वर करत. "थांब. घोड्याचं पुन्हा सांग." आत्याबाई स्वयंपाकघरातून भांडी जरा जोरात ठेवत. सून आणली की मास्तरीण आणली, असे त्या भिंतीला विचारत, कारण मामाजींना विचारून उपयोग नव्हता.

मी वाचलेले ते संध्याकाळी मिलवर सांगत, तेव्हा त्यात तुमसर मिसळलेले असे. जर्मनीत बर्लिनच्या एका प्रदर्शनात पहिल्यांदा विजेचे छोटे इंजिन धावले, दोन रुळांच्या मधोमध तिसरा रूळ टाकून त्यातून वीज दिली होती आणि बाकावर पाठीला पाठ लावून बसलेली माणसे गोल गोल फिरली होती. मामाजींच्या तोंडी ती जर्मनीची मंडई झाली, म्हणजे आमच्याकडे दिवाळीनंतर भरते ती जत्रा. नंतर तिथल्याच कुणा हुशाराने तिसरा रूळ वाचवून चाकाखालच्या रुळांतूनच वीज सोडली, तर रस्ता ओलांडणारे घोडे रुळावर नाल पडताच थयथयाट करू लागले. हा प्रसंग मामाजी उभे राहून करून दाखवत. शिकागोत रेल्वे लोकांच्या डोक्यावरून, खांबांवरून जायची, कोळशाच्या इंजिनातून निखारे खालच्या भाजीवालीच्या टोपलीत पडायचे. तिसरा रूळ आला आणि त्या भाजीवालीची सोय झाली. भाजीवाली पुस्तकात नव्हती, ती मामाजींची.

लंडनवर त्यांचा विशेष जीव. तिथे भुयारात आधी वाफेची इंजिने चालत, लोक खोकत खोकत कामाला जात. मग आणखी खोल बोगदे खणले, विजेची गाडी आणली, आणि बाहेर पाहण्यासारखे काही नाही म्हणून डब्यांना खिडक्या जेमतेम नावालाच ठेवल्या. हे ऐकून मामाजी इतके खूश झाले की आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला तेच. "पाहाले हाय काय तिथं? मंग खिडकी कायले पायजे? असा विचार करणारी मानसं आपल्या देशात नाहीत." त्याच बोगद्यांत पुढे एक चौथा रूळही आला. परत जाणारी वीज बोगद्याच्या लोखंडात शिरू नये म्हणून तिला स्वतःची वेगळी वाट. ही गोष्ट मामाजी उगाच कुणाला सांगत नसत. ऐकणारा त्या लायकीचा लागे. घरच्या जावयाला, माझ्या नणंदेच्या नवऱ्याला, लग्नानंतर पाच वर्षांनी सांगितली, आणि जावई ऐकता ऐकता झोपला तेव्हा पुढची दोन वर्षे त्याला दिवाळीला नुसते धोतर मिळाले.

या सगळ्यामागे त्यांचे एक तत्त्वज्ञान होते. त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. जुन्या मिलमध्ये छताजवळ शाफ्ट फिरे आणि तिथून पट्टे खाली यंत्रांवर येत. तरुणपणी एका पट्ट्याने ती नेली. तेव्हापासून वरून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास उरला नाही. वरून पट्टा येतो, वरून विजेची तार तुटून पडते, वरूनच साहेब येतो. "जे लागते ते खालून घ्यावं बाई. जमिनीजवळची चीज दगा देत नाही." साप जमिनीवरूनच येतो, असे मी एकदा म्हटले. त्यांनी ऐकले नाही असे दाखवले.

असा हा माणूस, आणि त्याने तिसरा रूळ डोळ्यांनी कधी पाहिलेला नव्हता. पुस्तकातली चित्रे वाळवीने खाल्ली होती. जन्मात एकदा तो रूळ पाहायचा, एवढी एकच इच्छा ते उघड बोलून दाखवत. मग कलकत्त्याला जमिनीखालची रेल्वे सुरू झाल्याचे पेपरात आले, आणि तीही तिसऱ्या रुळावरची. त्या दिवशी मिल बंद ठेवून मामाजींनी मजुरांना जिलेबी वाटली. सगळ्यांना वाटले हे आता निघालेच. हावड्याची गाडी आमच्या तुमसर रोड स्टेशनवरूनच जाते, बसले की झाले. पण मामाजी म्हणाले, नवीन आहे, त्यांचा हात बसू दे. पुढच्या वर्षी धान चांगले झाले म्हणून सवड नव्हती, त्याच्या पुढच्या वर्षी वाईट झाले म्हणून नव्हती. मला वाटते त्यांना भीती वाटत होती. इतकी वर्षे मनात बांधलेली वस्तू प्रत्यक्षात लहान निघाली तर काय, ही भीती मला कळण्यासारखी होती. मीही नवरा लग्नाआधी एकदाच पाहिला होता.

अशात आमच्या लाईनीवर विजेच्या गाडीचे खांब रोवायचे काम निघाले. म्हणजे वरून तार. त्या कामावरचा एक तरुण इंजिनिअर खोली शोधत आमच्या दाराशी आला. साताऱ्याकडचा, गोरापान, बोलणे पुस्तकी. मामाजींनी त्याचे काम काय ते विचारले आणि माडीवरची खोली तत्काळ दिली. मला वाटले वैर विसरले. पण ते रोज भांडायला माणूस घरातच मिळाला म्हणून खूश होते. त्याचे नाव घरात पहिल्याच दिवशी तारसाहेब पडले.

संध्याकाळचा चहा दोघे ओसरीवर घेत. मामाजी त्याला अमेरिकेतले हिमवादळ सांगत, ज्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या तारा खांबांसकट आडव्या झाल्या. तारसाहेब शांतपणे म्हणायचा, काका, तुमसरला बर्फ पडत नाही. हा मुलगा हुशार होता आणि त्याला ते माहीत होते, त्यामुळे मला तो सुरुवातीला आवडला नाही. एके दिवशी त्याने विचारले, "समजा हा विजेचा रूळ इथून जमिनीवरून नेला. रोज संध्याकाळी तळ्यावरून म्हशी परततात, त्या रूळ ओलांडणार. मग?"

मामाजींचा चहा तसाच राहिला. त्यांनी म्हशीचा विचारच केला नव्हता. तिसरा रूळ बोगद्यात आणि खांबांवरच का शोभतो, तर तिथे म्हैस जात नाही म्हणून, हे मी वाचून दाखवलेल्या पुस्तकात कुठेतरी होतेच, फक्त म्हशीचे नाव नव्हते. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले पण बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी माडीखाली उभे राहून त्यांनी हाक मारली आणि तोडगा सांगितला. गोंदियापासून नागपूरपर्यंत सगळी लाईन खांबांवर उचलायची. म्हशी खालून जातील. तारसाहेब दात घासत होता, त्याला हसता हसता ठसका लागला.

त्या हसण्याचे उत्तर म्हणून मामाजींनी मिलमध्ये स्वतःचा तिसरा रूळ टाकायचे ठरवले. वाळवणाच्या अंगणापासून धान कांडणाऱ्या हलरच्या दारापर्यंत धानाची पोती नेण्यासाठी ठेला. लोहाराने लोखंडी पट्ट्यांचे दोन रूळ केले, सुताराने ठेला केला, भंगारातल्या जीपचा स्टार्टर त्याखाली बसला. मामाजींना मिलचीच वीज सोडायची होती. तारसाहेबाने सांगितले की तसे केलेत तर मी आजच खोली सोडतो, पंचनाम्याला थांबणार नाही. तेव्हा ट्रकच्या बॅटरीवर तडजोड झाली. तिसरा रूळ जमिनीपासून वर उचलायला थोपवणारी वस्तू हवी होती, तर आत्याबाईंच्या लोणच्याच्या बरण्यांची चिनी मातीची झाकणे एकेक करून गेली. आत्याबाईंनी बरण्यांना फडकी बांधली आणि मामाजींशी बोलणे बंद केले. जे बोलायचे ते माझ्यामार्फत. "सांग त्याइले, आंब्याच्या लोणच्याले बुरशी आली तं तेई रुळावरच वाढीन."

मुहूर्त दसऱ्याचा. त्या दिवशी मिलमध्ये यंत्रांची पूजा असतेच. अर्धे तुमसर जमले, कारण लंडनसेठची फजिती होणार अशी सगळ्यांना मनापासून आशा होती. नारळ फुटला. मामाजी ठेल्यावर उभे राहिले, मागे दोन पोती धान. त्यांनी दांडा ओढला. काही झाले नाही. पुन्हा ओढला. ठेला ढिम्म. लोक तोंडावर हात ठेवून हसू लागले आणि तारसाहेब मात्र हसला नाही, तो खाली वाकून रूळ पाहू लागला. मग माझ्या ध्यानात आले. दसरा म्हणून मिलवरच्या बायांनी भल्या पहाटे सगळे अंगण शेणाने सारवले होते, आणि सणाच्या दिवशी काही कोरे राहायला नको म्हणून तिन्ही रूळही प्रेमाने सारवून, वर हळदीकुंकवाची बोटे ओढून ठेवली होती. शेण वाळून घट्ट बसले होते. विजेला थोपवणारी वस्तू आमच्या अंगणात फुकट मिळत होती आणि आम्ही झाकणे पळवत बसलो होतो.

दुसरा कोणी असता तर बायांवर ओरडला असता. मामाजी खाली उतरले, नखाने शेण खरवडून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. अमेरिकेत रुळावर बर्फ बसते, तेव्हा गाडीपुढे खरवडणी लावतात, हे मी त्यांना वाचून दाखवले होते. त्यांनी आत्याबाईंकडे न पाहता हात पुढे केला, आणि आत्याबाईंनी, बोलणे बंद असताना, घरातून उलथणे आणून दिले. ते ठेल्यापुढे तारेने बांधले. ठेला कुरकुरला, थांबला, ठिणगी उडाली, आणि चालू लागला. हळूच, पण चालू लागला. टाळ्या पडल्या. तारसाहेबाने शिट्टी वाजवली आणि त्या क्षणी मला तो मुलगा आवडून गेला.

अंगणाच्या अर्ध्यावर एक मजूरबाई डोक्यावर टोपली घेऊन डावीकडून आली. चांगली जवळ आली, सगळ्यांना दिसली. मामाजींना दिसली नाही. बाजूने ओरडा झाला तेव्हा ते सरळ समोर पाहत विचारत होते, कोन, कोन हाय. बाई उडी मारून बाजूला झाली, टोपली सांडली, ठेला हलरच्या दारावर जाऊन आपटला. लोकांनी त्यावरही टाळ्या वाजवल्या. मला मात्र आठवले की गेले वर्षभर ते ताटाच्या कडेची चटणी मागून घेत होते, आणि चौकटीला खांदा घासत येत होते.

नागपूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. कडेकडेने नजर गेली होती, मधली राहिली होती, तीही जाणार होती. गेलेली परत येत नसते. औषधाने थोडा वेळ मिळेल. मामाजींनी एवढेच विचारले की थोडा म्हणजे कलकत्त्याला जाऊन येण्याइतका का. डॉक्टरांना वाटले तिकडे मोठ्या दवाखान्यात दाखवायचे आहे. त्यांनी चिठ्ठीही लिहून दिली.

आता सबबी संपल्या. जायचे ठरले. आत्याबाई म्हणाल्या, कलकत्त्याला जातच असाल तर मी येते, मला कालीमातेचे दर्शन घ्यायचे आहे. ती जमिनीखालची गाडी कालीघाटला थांबते हे कळल्यावर दोघांचे देव एकाच लाईनीवर आले. माझे यजमान मिल सांभाळायला राहिले आणि मी वाचायला बरोबर गेले. तारसाहेबाने रिझर्व्हेशन करून दिले. गाडी येण्याआधी त्याने मला बाजूला घेतले. "वहिनी, त्यांना फार आशा लावू नका. तो रूळ फलाटाच्या पलीकडच्या अंगाला असतो, आणि वर संरक्षणाला फळी असते. धडधाकट डोळ्यांनाही काही दिसत नाही."

मी कितीतरी वेळ खिडकीशी बसून ते मनात घोळवले. शेवटी बिलासपूरच्या पुढे, मामाजी वरच्या बर्थवर घोरत असताना, आत्याबाईंना सांगितले. त्या पानाचा डबा उघडत होत्या. म्हणाल्या, "मंग काय झालं? देवळात तरी कोनाले दिसते. गर्दीत पुढच्याची टाळू दिसते. तरी जातेत ना मानसं."

कलकत्त्याला आम्ही जमिनीखाली उतरलो. आत्याबाई सरकत्या जिन्याला नमस्कार करून बाजूच्या दगडी पायऱ्यांनी उतरल्या. खाली स्वच्छ, गार, फलाटावर टीव्ही लावलेला, भिंती चकचकीत. मामाजींनी यातले काही पाहिले नाही. ते धोतर सावरत थेट फलाटाच्या कडेला गेले आणि गुडघ्यांवर बसले. मग ओणवे झाले. एका पोलिसाने धावत येऊन त्यांना काखेत धरून मागे ओढले आणि बंगालीत बरेच काही सुनावले. मी हिंदीत माफी मागत होते. मामाजी त्याला समजावून सांगत होते की ते बर्लिनपासूनचा रूळ ओळखतात, घाबरायचे कारण नाही. पोलिसाने आम्हांला भिंतीला टेकून उभे केले आणि स्वतः समोर उभा राहिला.

"तुले दिसते का बाई?" मामाजींनी हळू विचारले.

पलीकडच्या भिंतीच्या अंगाला, अंधारात, एक लांबलचक झाकण दिसत होते. बस. मी तेच सांगितले. झाकलेला आहे मामाजी, वर झाकण आहे, खाली काही दिसत नाही. त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावरचा रंग उतरला. आयुष्यभर मोठ्याने बोललेला माणूस इतका गप्प झालेला मी त्याआधी म्हशीच्या वेळी पाहिला होता, पण तेव्हा त्यांना तोडगा सापडेल असे वाटत होते. आता मला रडू यायला लागले, आणि रागही आला, त्या झाकणाचा, डॉक्टरांचा, त्या सगळ्या सबबी सांगितलेल्या वर्षांचा.

गाडी आली. आम्ही बसलो. मामाजी खिडकीकडे बसले नाहीत. हात मांडीवर ठेवून समोर, जिथे त्यांना थोडे दिसत असे तिथे, पाहत राहिले. दारे मिटली. गाडी बोगद्यात शिरली. आत्याबाई डोळे मिटून देवीचे नाव घेत होत्या. आणि एकदम डब्यातले सगळे दिवे गेले.

काळोख झाला. पंखे मंदावले. खाली चाके तशीच फिरत होती. कोणीतरी पोर ओरडले. माझ्या मनगटावर मामाजींचा चार बोटांचा हात आला आणि त्यांचा आवाज आला, मिलवरचा, चढा, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा.

"इथं नाही तो तिसरा! रूळ बदलते गाडी, म्हनून इथं तोडून ठेवला त्याले. आता खाली काहीच नाही. गाडी आपल्या जोरानं जाऊन राहिली. थांब, आता येते. आता येते."

दिवे आले. सगळ्या डब्याचे चेहरे आमच्याकडे वळलेले होते. मामाजींच्या मिशा ओल्या झाल्या होत्या.

"मले दिसला, बाई," ते म्हणाले.

कालीघाटला आत्याबाईंना देवी दिसली की नाही, कोण जाणे. परतताना त्यांनी बाजारातून चिनी मातीची झाकणे घेतली आणि ती मामाजींच्या पिशवीत ठेवली. तुमसरला आल्यावर मामाजींनी महिनाभर गाव डोक्यावर घेतले. तारसाहेबाला त्यांनी ओसरीवर बसवून तो अंधार इतक्यांदा सांगितला की शेवटी त्याने हात जोडले आणि मान्य केले की तारेच्या गाडीत ही मजा नाही. पुढे त्याची बदली झाली. जाताना तो मामाजींच्या पाया पडला आणि मामाजींनी त्याला चौथ्या रुळाची गोष्ट सांगितली.

नजर पुढच्या पावसाळ्यात पूर्ण गेली. त्यांनी त्याचा बाऊ केला नाही, उलट सगळ्यांना जास्त कामाला लावले. दुपारी मी पुस्तक घेऊन पायरीवर बसे, तर म्हणत, ते ठेव बाजूला, ते सांग. ते म्हणजे कोणते, हे विचारावे लागत नसे. मी सांगे. फलाट सांगे, पोलीस सांगे, झाकण सांगे. गाडी बोगद्यात शिरली की ते बाकावर सावरून बसत. "मंग?" मग दिवे गेले. "मंग?" मग काळोख झाला, पंखे थांबायला आले, पण गाडी चालूच होती. "मंग?" मग आले दिवे, मामाजी. यावर ते एकदा मान हलवत आणि आडवे होत. मी रोज त्या काळोखात थोडी भर घालत गेले. तो खरा चारदोन वाक्यांपुरताच असेल, पण आमच्या ओसरीवर तो चांगला लांबला होता.

शेवटी ते छातीच्या दुखण्याने पडले तेव्हा बोलणे बंद झाले होते. घरात माणसे जमली होती. आत्याबाईंनी तोंडात पाणी घातले आणि मला खूण केली की सांग. मी कॉटशी बसून सुरुवातीपासून सांगितले. पायऱ्या, फलाट, पोलीस, झाकण. गाडी आली. दारे मिटली. दिवे गेले.

मी थांबले. त्यांनी "मंग?" म्हटले नाही. चार बोटे माझ्या मनगटावर होती, ती सैल पडली होती. सगळे माझ्याकडे पाहत होते. मग मीच वाकून त्यांच्या कानात सांगितले, आले मामाजी, दिवे आले.